आमच्याकडे असलं काही नाही

९ जानेवारी

ही वही खरं तर माझी नाही. डॉक्टरीणबाईंनी ती ठकीला दिली, पाळीच्या तारखा टिपायला. ठकीनं घरी आल्या आल्या माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "तूच लिही. माझ्या सगळ्या तारखा तुलाच ठाऊक असतात." टोमणा होता, मी गिळला. पण वही चांगल्या कागदाची आहे, वाया कशाला घालवायची? दुपारी दोन ते चार पार्लरकडे कुणी फिरकत नाही. तेवढ्यात माझंच काहीबाही लिहीन.

पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. एक खुर्ची, एक आरसा, दोऱ्याची रिळं. एकवीस वर्षं झाली. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं बोटांत, आणि बाईचं तोंड माझ्या हातात. बायका मला दोरेवाली म्हणतात. ठकी आमची एकुलती एक, सव्वीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. हे पाणीपुरवठ्याच्या पंपावर आहेत, आणि घरात असले तरी नसल्यासारखेच.

सात महिने ठकीला पाळी आली नव्हती. मला त्याचं विशेष वाटलं नव्हतं, माझंही असंच असायचं. पण आली ती एकोणीस दिवस थांबेना. पोरगी पांढरी फटक पडली, तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण डोळे पोलिसासारखे. विचारलं, "ओठावर, हनुवटीवर, पोटावर केस येतात?" ठकी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "छे हो! आमच्याकडे असलं काही नाही. आमची कातडी लोण्यासारखी." ठकीनं माझ्याकडे बघितलं. काल रविवार होता. काल सकाळीच तिची हनुवटी मी स्वच्छ करून दिली होती, मग खोटं काय बोलले?

सोनोग्राफी झाली. अंडाशयात बारीक बारीक फोड, आणि त्या रोगाला इंग्रजी चार अक्षरं. गर्भाशयाचं अस्तर म्हणे जाड झालंय. पाळी येत नाही तेव्हा ते पडायचं राहतं आणि थरावर थर चढत जातात. मग बाईंनी विचारलं, "घरात कुणाला गर्भाशयाचा कॅन्सर? आई, मावशी, आजी?"

"नाही."

"तुम्हाला बहिणी?"

"एक होती. पोटाच्या दुखण्यानं गेली."

"पोटाचं म्हणजे नेमकं काय?"

"जुनी गोष्ट हो. तेव्हा कोण एवढं तपासत होतं!"

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "वय लहान आहे, घरात तसा इतिहास नाही. तेव्हा आधी गोळ्या देऊन बघू. तीन महिन्यांनी अस्तर पुन्हा पाहू. मध्ये रक्तस्राव झाला तर त्याच दिवशी यायचं."

गोळ्या सुरू केल्या. माझा जीव भांड्यात पडला.

११ जानेवारी

रक्त थांबलं. बघा! उगाच घाबरवून सोडतात.

आज ठकीशी वाजलं. म्हणाली, "केसांचं खोटं का सांगितलंस?" मी म्हटलं, "अगं, डॉक्टर असल्या तरी बाईच ना त्या. चार ठिकाणी बोलतील. उद्या तुझ्या लग्नाचं निघालं म्हणजे?" तर म्हणते, "डॉक्टरला लपवायचं तर जायचं कशाला?" शिकलेली आहे, बोलते.

तेराव्या वर्षी तिला पहिला केस आला, हनुवटीच्या डाव्या बाजूला, काळाकुळकुळीत. शाळेतून रडत आली होती. मी तिला खुर्चीत बसवलं, मान मागे टाकायला लावली आणि एका फटक्यात उपटला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी, पार्लर उघडायच्या आधी, दार लावून. आधी ओठ, मग हनुवटी, मग गळा, शेवटी पोट-पाठ. तेरा वर्षांत एक रविवार चुकला नाही. ताप असला तरी नाही. कुणा आईनं केलं असेल एवढं? तिच्या वर्गातल्या एका पोरीला मिशीवरून नाव पडलं होतं. माझ्या पोरीला कधी कुणी बोट दाखवलं नाही. याचा मला अभिमान होता आणि आहे.

सोळाव्या वर्षी पाळी चुकायला लागली तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनीही हाच प्रश्न विचारला होता. मीही हेच उत्तर दिलं होतं. ते म्हणाले, वाढत्या वयात होतं असं, वजन जरा कमी करा. म्हणून सोडून दिलं.

२ फेब्रुवारी

डोक्याचा नुसता भुगा झालाय.

रक्ताचे रिपोर्ट घ्यायला गेलो होतो. बाईंनी कागद वाचला, मग टेबलावरचा दिवा उचलून थेट ठकीच्या हनुवटीवर धरला. बोट फिरवलं. माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

खोटं कशाला बोलू? माझ्या तर्जनीवर एकवीस वर्षांच्या दोऱ्याची घळ पडलीये. सांगितलं.

त्यांनी दिवा परत टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ठकीलाच म्हणाल्या, "चार आठवडे काही काढू नकोस. मला नीट बघू दे. सोळाव्या वर्षी पाळी चुकायला लागली तेव्हाच हे कुणाला दिसलं असतं तर दर महिन्याला अस्तर पडेल एवढं औषध तरी चालू झालं असतं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी विचारलं, "पण हे आलं कुठून?" त्यांनी समजावून सांगितलं. एका जनुकाचं हे काम नाही. बरीच असतात, प्रत्येकाचा थोडा थोडा हातभार. काही आईकडून येतात, काही बापाकडून. असली म्हणजे आजार होतोच असं नाही, पण कल तिकडे राहतो, आणि मग वजन, खाणंपिणं, कशाकशाची भर पडते. अशा मुलींच्या आया-बहिणींतही हे जास्त दिसतं. घरातल्या पुरुषांना कधीकधी लवकर टक्कल पडतं, साखरेचा आजार होतो. त्यांच्याच दवाखान्यात असल्या घराण्यांचा अभ्यास चाललाय. आईचं रक्त हवं, आईची तपासणी हवी, आणि घरातल्या सगळ्या बायकांची माहिती. मी म्हटलं, "बघू."

पण "बापाकडून" हा शब्द मी पदरात बांधूनच घरी आणला. हे दुपारी कामावरून आले, ताटावर बसले, आणि मी सुरू केलं. "अहो, तुमच्याकडूनच आलंय! चोविसाव्या वर्षी तुमचं डोकं आरशासारखं. तुमचे दोघे भाऊ तसेच. तुमच्या आईला साखर. सगळं लिहून घेतात तिथे, कळलं?"

हे जेवत राहिले. मग म्हणाले, "आणि तुझ्याकडून?"

"आमच्याकडे असलं काही नाही."

त्यांनी घास तोंडाशी नेला होता, तो परत ताटात ठेवला. म्हणाले, "बरं." एवढंच. सत्तावीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या एका "बरं"वर मी किती वेळा जळले असेन!

१५ फेब्रुवारी

दोन रविवार गेले. ठकी खुर्चीत बसत नाही.

पहिला आठवडा तोंडाला रुमाल बांधून दुकानात गेली. सोमवारपासून तोही बांधत नाही. हनुवटीवर आता सगळ्यांना दिसेल एवढं आलंय. दुकानात माणसाच्या डोळ्यासमोर एक वीत अंतरावर तोंड नेऊन बसायचं तिचं काम, आणि ही असल्या अवतारात!

माझी एक जुनी गिऱ्हाईक, शाळेत शिकवते, आज आयब्रो करताना खुर्चीतूनच म्हणाली, "काल तुमच्या ठकीकडे नंबर तपासून आले. काही दुखणं आहे का हो तिला?" माझ्या हातातला दोरा तुटला. आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या डाव्या भुवईला खाच पडली. तिच्या लक्षात यायच्या आत मी पेन्सिलनं भरून दिली.

ठकी आल्यावर हात जोडले. "अगं, थोडंसं कमी करू दे. डॉक्टरला कळणारही नाही."

ती म्हणाली, "आई, एकदा तरी कुणाला तरी मला नीट बघू दे."

"आणि लोक?"

"एका आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, आजार आहे. ते म्हणाले, बरं, आणि खालची ओळ वाचायला लागले."

मला रडू आलं. तिला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

हल्ली सकाळी मी बाथरूममध्ये फार वेळ लावते म्हणून हे कुरकुरतात. नवीन काय त्यात? मी पहिल्यापासूनच वेळ लावते.

२८ फेब्रुवारी

आज अक्काची फार आठवण येतेय. माझी मोठी बहीण. दोघी एका अंथरुणात वाढलो. लग्नानंतर नऊ वर्षं मूल झालं नाही, म्हणून नवऱ्यानं तिला आमच्या दारात आणून सोडलं. पेटीसुद्धा नव्हती बरोबर. ठकी तेव्हा चार वर्षांची. अक्का माझ्याकडे सात वर्षं राहिली. ठकीला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. पार्लर उघडायची कल्पनाही तिचीच. म्हणायची, "अगं, आपल्याला जे घरात करावंच लागतं ते बाहेरच्यांना करून दे, लोक पायघड्या घालतील." पहिली दोन वर्षं माझ्याहून तिचाच हात हलका होता. माझ्या हनुवटीला तिनंच

पुढे लिहायला घेतलं आणि दारावर गिऱ्हाईक आलं. राहू दे.

१३ मार्च

चूक माझी की ठकीची, तेच कळत नाहीये.

मागच्या मंगळवारी मोरीत तिचे कपडे दिसले. थंड पाण्यात भिजवून, वर बादली पालथी घालून लपवलेले. पाणी लाल झालेलं. विचारलं, कधीपासून? म्हणाली, बारा दिवस. "अगं, मग बोलली का नाहीस?" तर म्हणते, "बोलले असते तर तूच म्हणाली असतीस, थांबेल आपोआप."

आणि मी तेच म्हटलं की हो! तोंडातून निघून गेलं. शनिवारी एका नवरीचं सगळं आवरायचं होतं, चार बायका मागे होत्या. मी म्हटलं, शनिवार जाऊ दे, सोमवारी जाऊ. त्याच दिवशी यायचं असं बाईंनी सांगितलं होतं, ते लक्षात होतं. विसरले असं म्हणता येणार नाही. पण अक्कालाही मध्ये मध्ये असं व्हायचं आणि थांबायचं.

आज गेलो. बाईंनी आत नेऊन अस्तराचा तुकडा काढला. ठकी बाहेर आली ती भिंतीला धरून. मला म्हणाल्या, "पुन्हा विचारते. तुमच्या बहिणीला नेमकं काय झालं होतं?"

ठकी माझ्या शेजारीच बसली होती. ठकीला माहीत आहे की तिची मावशी पोटात गाठ होऊन गेली. अकरा वर्षांच्या पोरीला सांगतात तेवढंच. आज खरं सांगायचं तर जानेवारीत का नाही सांगितलं, हे आलंच.

मी म्हटलं, "सांगितलं ना, पोटाचं."

बाईंनी या वेळी काही लिहिलं नाही.

१७ मार्च

रिपोर्ट नाही. दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा लावला तर ठकीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. हे रोज कामावरून सरळ घरी येतात आणि ठकीच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचतात. एकच पेपर, दोन दोन तास.

२५ मार्च

लिहिते. लिहिल्याशिवाय हात थांबत नाहीत.

कॅन्सर आहे. गर्भाशयाच्या अस्तरात सुरू झाला आणि आत स्नायूत शिरलाय. काल मोठ्या मशीनमध्ये घालून बघितलं. आज बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. म्हणाल्या, अस्तरापुरताच असता तर गोळ्यांवर ठेवून बघता आलं असतं, एखादं मूल होईपर्यंत पिशवी वाचवता आली असती. आता तो धोका घेता येणार नाही. पिशवी काढावी लागेल.

ठकीनं विचारलं, "जानेवारीत अस्तरापुरता होता?"

बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. तेव्हा तुकडा घेतला नव्हता."

"का घेतला नव्हता?"

बाईंनी फाईल उघडली, पहिलं पान तिच्यासमोर ठेवलं. त्या माझ्यावर ढकलत नव्हत्या. म्हणाल्या, "वय बघून, आणि घरात कुणाला नाही हे ऐकून मी थांबायचं ठरवलं. निर्णय माझा होता."

तेव्हा हे बोलले. त्या खोलीत गेल्यापासून खाली मान घालून बसले होते, तसेच बसून बोलले. "अगं, अक्काचं सांग आता."

मी म्हटलं, "गप्प बसा तुम्ही."

"मी सांगतो मग," म्हणाले. "हिची बहीण याच रोगानं गेली. बेचाळीस वर्षांची होती. शेवटी मीच तिला दवाखान्यात नेलं होतं, रिपोर्ट मी वाचलाय. पिशवीचा कॅन्सर. दोन वर्षं अंगावरून जात होतं. हिला माहीत होतं."

शेजारच्या खोलीत कुणीतरी फोनवर हसत होतं, ते ऐकू येत होतं.

हो, मला माहीत होतं. अक्कानं शपथ घातली होती. नवऱ्यानं टाकलेली बाई, त्यात असल्या जागेचं दुखणं, लोक काय काय बोलतील, म्हणून. मी तिचे कपडे धुतले दोन वर्षं. मोरीचं दार लावून. कुणाला डाग दिसू दिला नाही. यांनासुद्धा शेवटच्या महिन्यात कळलं. आणि अक्का अंथरुणाला खिळली तरी तिची हनुवटी मी दर तीन दिवसांनी साफ करत होते. गेली तेव्हा तिचं तोंड कोवळ्या मुलीसारखं दिसत होतं. बायका म्हणाल्या, किती सुंदर दिसतेय. मला तेव्हा समाधान वाटलं होतं. देवा, मला समाधान वाटलं होतं!

बाई म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी त्याच दिवशी तुकडा पाठवला असता." मग ठकीकडे वळून म्हणाल्या, "त्यानं फरक पडला असता की नाही, हे मला खरंच माहीत नाही."

त्यांना माहीत नाही. मग सगळं माझ्याच माथी का?

पुन्हा वाचलं. खोडावंसं वाटतंय. नाही खोडत.

२७ मार्च

ठकी बोलत नाही. जेवते, औषध घेते, ताट स्वतः घासते. मी खोलीत गेले की भिंतीकडे वळते.

यांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही जानेवारीतच का नाही बोललात? फेब्रुवारीत ताटावर बसून 'बरं' म्हणालात!" यांचा चेहरा असा काही झाला की मलाच बघवेना. म्हणाले, "तू सांगशील असं वाटलं. आई आहेस म्हटलं." मग चपला घालून बाहेर गेले. तासाभरानं परत आले, तर चपला उलट्या पायांत होत्या.

३ एप्रिल

परवा ऑपरेशन. ठकीला आज दाखल केलं.

पेटी भरताना पहिल्यांदा बोलली. "आई, मला कधी कुणी विचारलंच नाही, मला मूल हवंय का."

मी म्हटलं, "हवं होतं का गं?"

"माहीत नाही. विचार करायला अजून वेळ आहे असं वाटत होतं."

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिनं घेऊ दिलं, पण हात वर आणले नाहीत. लाकडासारखी उभी राहिली.

दवाखान्यात तिच्या कागदांवर डॉक्टरीणबाईंनी केसांचे मार्क लिहिलेले दिसले. शरीराच्या नऊ जागा, प्रत्येक जागेला शून्य ते चार. ठकीचे एकोणीस झाले. दर रविवारी मी ते एकोणीस पुसून शून्य करत होते.

६ एप्रिल

काल झालं. पिशवी काढली. अंडाशय ठेवलेत, ते काढले तर या वयात हाडं ठिसूळ होतील म्हणाल्या. म्हणजे ज्यांच्यापासून सगळं सुरू झालं ते जागेवर, आणि जिचा काही गुन्हा नव्हता ती गेली.

गाठींमध्ये पसरलेलं दिसलं नाही. बरी होईल असं बाई म्हणाल्या. हे खाली जिन्यात बसून ओक्साबोक्शी रडले. मी यांना असं रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याजवळ जाऊन बसायचं धाडस मला झालं नाही.

ठकी शुद्धीवर आली तेव्हा मी उशाशी होते. तिनं विचारलं, "बाबा कुठेत?"

२३ एप्रिल

ठकी मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. दुकानापासून जवळ पडतं म्हणाली. हे तिची पेटी पोचवून आले. निघताना मला नमस्कार करायला वाकायला लागली, टाके ताजे, म्हणून मीच धरलं. "वाकू नकोस," म्हटलं. तेवढंच बोलणं झालं.

आज रविवार. सवयीनं सात वाजता पार्लरचं दार आतून लावून घेतलं आणि रिकाम्या खुर्चीशी उभी राहिले. हे चहा घेऊन आले, दार वाजवलं, उघडलं नाही तशी कप उंबऱ्याशी ठेवून गेले.

८ मे

दवाखान्यातून फोन आला. अभ्यासासाठी माझं रक्त घ्यायचंय. ठकीनं तिचं दिलं, आता आईचं हवं. सिस्टर म्हणाल्या, चार आठवडे अंगावरचा एकही केस काढायचा नाही, मग या.

मी हो म्हटलं. ठकीच्या कागदावर माझ्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे म्हणाल्या, म्हणून म्हटलं.

पार्लरला पाटी लावली, तब्येतीमुळे बंद. यांनी ती वाचली आणि म्हणाले, "बरं." या वेळी मला राग आला नाही.

२२ मे

पंधरा दिवस. आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय.

माझ्यात पांढरेही आहेत. मला हे माहीतच नव्हतं. कधी एवढे वाढूच दिले नव्हते. यांच्यासमोर यायला लाज वाटते. सत्तावीस वर्षं हे उठायच्या आत मी उरकून घेतलंय. आजारी पडले, बाळंत झाले, तरी आरसा आणि दोरा उशीखाली. आज यांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "दुखतं का?" मी म्हटलं, "काढताना दुखतं." म्हणाले, "मग कशाला काढत होतीस माझ्यासाठी? मला माहीतच होतं की."

मी विचारलं, "ठकीला?"

"ठकीला कुठून माहीत असणार," म्हणाले.

५ जून

दवाखान्याच्या तळघरातली खोली. दोन बाक, वजनाचा काटा, भिंतीवर हात धुण्याच्या सूचना. स्कार्फ नाकापर्यंत ओढून गेले होते. सिस्टर म्हणाल्या, काढावा लागेल. काढला. त्यांनी दिवा धरून मार्क लिहायला सुरुवात केली. हनुवटी चार. ओठ तीन. मग माहितीचा कागद. या वेळी सगळं सांगितलं. माझी आई, तिलाही होतं, चुलीच्या राखेनं चोळून काढायची. अक्का, आणि अक्का कशानं गेली ते. तारीख, वर्ष, सगळं. सिस्टर लिहीत होत्या, अजिबात आश्चर्य न दाखवता. एवढं सोपं होतं.

मान वर केली तर दारात ठकी. तिची तपासणी होती आज, मला माहीत नव्हतं. बारीक झालीये. हनुवटी तशीच ठेवलीये. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला स्कार्फ सापडेना.

ती येऊन माझ्या बाकावर बसली. म्हणाली, "कधीपासून?"

"चौदाव्या वर्षापासून."

"माझ्याएवढंच?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

"आणि रोज?"

"रोज. तू उठायच्या आधी."

तिनं हात पुढे केला. मला वाटलं मारते की काय. तिनं माझ्या हनुवटीला बोट लावलं, डॉक्टरीणबाईंनी तिला लावलं होतं तसं, आणि काढून घेतलं.

"तेरा वर्षांची होते मी," ती म्हणाली. "मला वाटायचं मी मुलगी नाहीच, चुकून झालेय काहीतरी. तुला विचारलं होतं, आई, असं अजून कुणाला असतं का. आठवतं तुला?"

"आठवतं."

"तू म्हणालीस, कुणालाच नसतं, म्हणून तर कुणाला दिसू द्यायचं नाही."

मी म्हटलं, "तुला लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून गं."

"तू एकदा मला हे दाखवलं असतंस," ती म्हणाली, "तर मी ते डॉक्टरला दाखवलं असतं."

आवाज चढला नव्हता. माफ कर म्हटलं. तिनं मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही. मग ती उठली आणि पलीकडच्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून बसली.

तिचा नंबर यायला वीस मिनिटं लागली. मी तिच्या मानेकडे बघत होते. केसांखाली, मागे, एक काळसर जाड पट्टा आहे. ती लहान असताना मी तो मळ समजून दगडानं घासायचे, रक्त येईपर्यंत, आणि ती ओरडायची, आई, जात नाहीये, तो माझाच आहे. आज कागदावर त्या पट्ट्यालाही एक चौकोन होता, याच दुखण्याची खूण म्हणून. मुलीला आहे का, सिस्टरनं विचारलं. मी म्हटलं, आहे. मग सिस्टर माझ्या मागे आल्या, माझ्या मानेवरचे केस बाजूला केले, आणि माझ्या नावापुढेही खूण केली.